कोणाच्या होडीचा नारळ

दोन हजार बावीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण पाण्यावर लांब दिसणारी होडी कोणत्या घडणीची आहे, हे ओळखायला शाळा लागत नाही, आणि ते आमच्या गावात माझ्याइतकं कोणाला येत नाही. ही फुशारकी नाही. आहे ते सांगतो.

सिद्धेश्वरच्या धरणावर शिडाच्या होड्या होत्या म्हणलं की हिंगोलीत बसलेल्या माणसाला खोटं वाटतं. त्याला शीड म्हणजे समुद्र. अरे बाबा, आमची जाळी पार वर, पूर्णा धरणात शिरते तिथं असायची. पहाटे पाणी आरशासारखं, तेव्हा वल्ही मारत जायचं. दुपारी मावळतीचा वारा सुटला की शीड वर आणि माणूस बिडी पेटवून मोकळा. जाताना दंड, येताना वारा. पुढं इंजिनं आली, फायबरच्या होड्या आल्या आणि शिडं घराघरात धान्य वाळवायला गेली.

जुन्या होड्या तीन घडणीच्या. एक डोणी. ढोरांना पाणी पाजायची डोण असते ना, तशी चौकोनी, दोन्ही टोकं बोथट. माल भरपूर घेते पण वळायला तयार नाही. दुसरी सुपडी. तोंड सुपासारखं पसरट, मागं निमुळती. उथळ पाण्यात चांगली, पण शीड लावलं की नाक खुपसते. तिसरी कोयरी. आंब्याच्या कोयीसारखी, पोट रुंद आणि दोन्ही टोकं निमुळती. ती घडवणारा सुतार नांदेडकडचा, गोदावरीच्या काठचा. तो मेला आणि कोयरी घडवणं संपलं. कोयरी वाऱ्याला अशी झुकते की म्हाताऱ्याला पण वाटावं, आपण अजून जवान आहोत.

मला आणि माझ्या धाकट्या भावाला त्या सुतारानं दोन कोयऱ्या करून दिल्या. एकाच सागाच्या झाडाच्या, एकाच मापाच्या, फासळ्या बाभळीच्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर बघणारा गोंधळायचा. फरक एकच. मी सुताराला सांगून माझी डोलकाठी एक हात पुढं घेतली होती. धाकट्यानं सुतार म्हणाला तिथं ठेवली. त्यामुळं लांबून दोघांची शिडं दिसली की माझं पुढं ओणवं दिसायचं आणि त्याचं मधोमध. शेतातून, रस्त्यावरून, कुठूनही मी सांगायचो, हा मी नाही, म्हणजे हा धाकटा. लोक हसायचे.

पुढं एका दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं की बुडालेल्या शिवारातल्या बाभळींची खुंटं वर आली. तसल्या एका खुंटानं माझ्या होडीचं बूड डाव्या बाजूला फोडलं. घरात फळी नव्हती. माझी आई पाटावर जेवायला बसली होती. तिनं हातातली भाकर ताटात ठेवली, उठली आणि पाट माझ्या पुढं सरकवला. म्हणाली, "घे. मी भुईवर बसन." तो पाट तिच्या माहेरचा, कोपऱ्यात पितळेची फुली ठोकलेली. मी तो कापून आतून ठिगळ लावलं. फुली असलेला कोपरा मुद्दाम ठेवला. आई गेली तरी बुडाशी ती फुली चमकायची, पाणी उपसताना हाताला लागायची.

साठी उलटल्यावर एका पावसाळ्यात वारा एकदम फिरला, शीड उलट्या बाजूला आलं आणि शिडाच्या खालच्या दांड्यानं माझ्या बरगड्यांवर मारलं. मी पाण्यात. जवळच धाकटा होता, त्यानं केसाला धरून ओढून काढलं. हे त्याचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. बरगड्या मोडल्या, छातीत पाणी झालं, नांदेडच्या दवाखान्यात पडून राहिलो. त्याच दिवसांत धरण भरलं, दारं उघडली, काठच्या होड्या सुटल्या. धाकटा दवाखान्यात आला, खाटेजवळ उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला की तुझी होडी गेली दादा. दारांतून खाली गेली, फळी पण हाती लागली नाही. माझी तेवढी राहिली.

आमच्यात होडी बुडाली की तिचं सुतक धरतात. मालकानं काठावर जाऊन नारळ पाण्यात सोडायचा आणि दहा दिवस घरात मासळी शिजवायची नाही. घरी आल्यावर मला नीट चालता येत नव्हतं, तरी मी गेलो. धाकट्यानं मला काखेत धरलं होतं. मी नारळ सोडला. माझ्या डोळ्यात पाणी आलं नाही, मी तसला माणूस नाही. पण धाकटा रडला. लहान लेकरासारखा, खांदे हलवून रडला. दहा दिवस त्यानं पण मासळी तोंडात घातली नाही. माझ्या घरी माझ्या बायकोनं चुलीवर मासळी चढवली नाही, ते तर रीतीचं होतं. पण धाकट्याला काय गरज होती? मी गावात सांगत फिरलो, भाऊ असावा तर असा, माझ्या होडीचं सुतक त्यानं धरलं. पारावर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. ऐकणारे माना डोलवायचे. आता आठवतं, त्यातले पाण्यावर जाणारे जे होते ते माझ्याकडं बघत नव्हते.

मी शपथ घेतली की परत काठावर पाय ठेवणार नाही. दुसऱ्याच्या होडीत बसणारा मी नाही. शेताकडं वळलो. दोन एकर सोयाबीन आणि बांधावर तूर. बांधावरून धरणाचा एक तुकडा दिसतो. दुपारी तिथून एक शीड जायचं, मधोमध उभं. मी हातातलं खुरपं ठेवायचो आणि म्हणायचो, धाकट्याची कोयरी. माझी तर गेली, निदान तिची बहीण चालते आहे. असं दहा-बारा वर्षं.

तर बावीस साली उन्हाळ्यात वारंगा फाट्यावर ढाबा चालवणारा एक माणूस जीप घेऊन माझ्या दारात आला. त्याला ढाब्यापुढं जुनी शिडाची होडी उभी करायची होती, वर लायटिंग सोडून. माझ्या भावाशी फोनवर बोलणं झालं होतं, भाऊ घेऊन जा म्हणाला होता. पण ह्याला खात्री पाहिजे होती की होडी खरंच शिडाची आहे, उगी भोक पाडून काठी रोवलेली नाही. धाकटा त्या दिवशी सेनगावला नातीच्या साखरपुड्याला गेलेला. काठावरच्या पोरांनी ह्याला माझं घर दाखवलं.

तो म्हणाला, "आजोबा, तुमी सांगाल ते बराबर, असं सगळे म्हणून राहिले."

हे वाक्य मला गोड लागलं. शपथ होती, पण शपथेपेक्षा ते वाक्य जड निघालं. बायको आतून म्हणाली, उन्हात कुठं निघाले. मी पायताण घातलं आणि जीपमध्ये पुढं बसलो.

काठावर जुन्या होड्या पडल्या होत्या, काही सुलट्या, काही पालथ्या. मी एकेकीवर हात ठेवून सांगत गेलो. ही डोणी, हिला शीड कधी नव्हतं. ही सुपडी, हिचं भोक मागाहून पाडलेलं, कडा बघ, गिरमिटाच्या आहेत, सुताराच्या पटाशीच्या नाहीत. ढाबेवाला मोबाईलवर फोटो काढत होता. मग शेवटी पालथी पडलेली कोयरी. मी म्हणलं, "ही माझ्या धाकट्याची. हिच्यासोबतची माझी होती, ती गेली." आणि दोघांना ती सुलटी करायला लावली.

ती सुलटी झाली आणि मी डोलकाठी रोवतात त्या लांब फळीकडं बघितलं. डोलकाठीचं भोक होतं तिथंच होतं, धाकट्याच्या जागी. पण त्याच्या एक हात पुढं डांबराचा एक गोल डाग होता. नखानं खरवडलं. खाली लाकडाची गुडदी, भोक बुजवलेलं. धाकट्याच्या होडीला तिथं भोक काहून असेल?

मी ढाबेवाल्याला गाडीतला पेचकस मागितला. गुडघे टेकले आणि डाव्या बाजूला बुडाशी डांबर खरवडायला लागलो. डांबर जाड होतं, थरावर थर. तो विचारत होता काय शोधता. मग पेचकस किर्र वाजला. थोडं अजून खरवडलं आणि पितळेची फुली दिसली.

मी तिथंच बसलो. ऊन डोक्यावर होतं. त्या फुलीवर अंगठा ठेवून बसलो.

बऱ्याच वेळानं ढाबेवाला म्हणाला, "मग आजोबा, जुनी हाय ना?"

"हाय."

"शिडाची हाय?"

"हाय."

"मग नेऊ?"

"न्हाई."

"काहून?"

"मालकाला इचारलं न्हाई."

"अवो, मालकाला तर मीच फोन केला की."

"त्याला न्हाई," मी म्हणलं. "मालकाला."

त्याला काही कळलं नाही. पण माझं तोंड बघून त्यानं वाद घातला नाही, मला घरी सोडलं आणि गेला.

धाकटा सेनगावहून आला तो सरळ माझ्याकडंच. कोणीतरी फोन केला असणार. साखरपुड्याची नवी टोपी डोक्यावर होती, ती काढून त्यानं हातात घेतली आणि ओट्यावर बसला. मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. चोर म्हणायचं होतं, आईचा पाट डांबरात बुडवलास म्हणायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं.

"नारळ सोडताना रडत होतास. कोणाच्या होडीसाठी?"

तो टोपीची घडी करत राहिला.

"माझ्या," तो म्हणाला.

म्हणजे सुतक त्याच्याच होडीचं होतं आणि नारळ माझ्या हातानं सोडला होता. आणि मी गावभर त्याची माया सांगत फिरलो होतो. माझ्या घरात मी दहा दिवस त्याच्या होडीसाठी पिठलं खाल्लं.

मग तो हळूच म्हणाला, "दादा, मी मनानं न्हाई केलं. वयनीला इचार."

हे ऐकून माझा हात उठणारच होता, पण बायको दारात आली. हाताला पीठ तसंच.

"भाऊजीला काय इचारता," ती म्हणाली. "मला इचारा. मीच सांगितलं त्यांना. तुमच्या नाकात नळी होती आन् तुमी त्या नळीतनं इचारून राहिले होते की होडी कोणी बांधली का. तवाच मी भाऊजीला म्हणलं, त्यांची गेली म्हणून सांगा, ती तुमी चालवा. होडी ऱ्हायली असती तर तुमी परत गेला नसता?"

गेलोच असतो.

"मला सांगायचं होतं," मी म्हणलं.

"तुमाला? पाणी कढत हाय म्हणलं तरी हात घालून बघणारा माणूस तुमी. तुमाला सांगून जन्मात कवा ऐकलं?"

धाकटा खाली बघून किंचित हसला. त्या हसण्यानं मला आग लागली, कारण त्यात दोघांची जुनी सवय दिसत होती. माझ्याबद्दल माझ्यामागं बोलायची. बारा वर्षं माझ्या ताटात भाकर वाढताना तिच्या मनात ते होतं. बारा वर्षं तो सणाला माझ्या पाया पडला.

बायकोचं मी एक वेळ समजू शकलो. ती भ्याली होती. भ्यालेलं माणूस खोटं बोलतं. पण एक गोष्ट राहिली होती. मी तिला विचारलं, "अन् डोलकाठी मागं घ्यायची, ते पण तूच सांगितलं का?"

ती धाकट्याकडं बघायला लागली. "कोणती डोलकाठी?" म्हणाली.

तिला ते माहीतच नव्हतं. तिला त्यातलं कळत पण नाही.

धाकट्याला कळत होतं. मी बांधावर उभा राहून लांबून काय बघतो, कशावरून ओळखतो, हे जगात एका माणसाला माहीत होतं. त्यानं माझी डोलकाठी उपटली, भोक बुजवलं आणि एक हात मागं रोवली, म्हणजे बांधावरून मला त्याचं शीड दिसावं. माझ्या डोळ्यांवर मला माज होता, त्या डोळ्यांनाच त्यानं कामाला लावलं. खोटं त्याच्याकडून बायकोनं वदवून घेतलं. पण हे त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलं.

मी त्याला म्हणलं, "ऊठ."

तो म्हणाला, "दादा, होडी तुझीच हाय, घेऊन जा, ढाब्यावाल्याला मी न्हाई म्हणतो."

"माझीच हाय ते तू मला सांगू नको. ऊठ."

तो गेला. टोपी ओट्यावरच विसरला. बायकोनं ती उचलून खुंटीला लावली. आम्ही जेवलो नाही. ती एकदा म्हणाली की तुमी जित्ते हाव म्हणून भांडून राहिले. खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून गिळता येतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर उंबऱ्यावर फडक्यात भाकर-ठेचा बांधून ठेवलेला होता, मी पूर्वी पाण्यावर जाताना बायको ठेवायची तसा. मी त्याच्यावरून पाय टाकून गेलो. काठावर धाकटा माझ्या आधी येऊन बसला होता, जवळ फटी बुजवायला डांबराचा डबा आणि कापूस. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. होडी एका कुशीवर घेतली, पेचकस ढाबेवाल्याला द्यायचा राहिला होता तो खिशातून काढला आणि फळ्यांच्या फटीत माझ्या हातानं नवा कापूस भरायचा म्हणून त्यानं बारा वर्षांत भरलेला सगळा उपसून काढायला बसलो.