उंटाचा डावा घोटा

क्लबात तिला सगळे मावशी म्हणत. सख्खा भाचा त्यांतला एकही नव्हता, पण तेवीस वर्षांत तिने इतके घोटे बांधले होते की नातं थेट पायांशीच जडलं होतं. चेहरे ती विसरे, पाय नाही. जुन्या फोटोतल्या बूट घातलेल्या खेळाडूकडे बोट दाखवून ती सांगे, "ह्याची करंगळी वाकडी होती बघ."

त्याआधी ती हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत मदतनीस होती. नवरा गेला, हॉस्पिटलने माणसं कमी केली आणि क्लबात पट्ट्या बांधणारा म्हातारा निवृत्त झाला, हे सगळं एकाच वर्षात. बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. अजूनही फारसं कळत नाही. सामना ती गुडघ्याखालीच बघते.

काम असं: आधी फोमची पातळ गुंडाळी, तिच्यावर चिकट पांढरी पट्टी, टाचेखालून फिरवून घोट्याला दोन्ही बाजूंनी आधार. मग खेळाडूला उभं करायचं आणि पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. नख पांढरं पडतं. 'एक, दोन' म्हणेपर्यंत परत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर रक्त अडतंय, सगळं कापून पहिल्यापासून. सामना उशिरा सुरू झाला तरी बेहत्तर.

उंट हा त्या क्लबाचा हुकमाचा एक्का. मान पुढे काढून चालायचा म्हणून उंट. घर मैदानामागे तिसऱ्या गल्लीत, त्यामुळे गावाचा त्याच्यावर घरच्यासारखा हक्क. असे दोन एक्के याआधी मोठ्या शहरांनी उचलून नेले होते. पहिला गेला आणि वरची गॅलरी रिकामी पडली. दुसरा गेला आणि क्लबाचा डॉक्टर गेला. आता मॅनेजरने सगळ्यांना स्वच्छ सांगितलं होतं, "उंट गेला की दूधवाली कंपनी जाहिरात काढून घेणार. कंपनी गेली की मी दाराला कुलूप घालणार. उगाच भ्रमात राहू नका."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मावशीला कोण ठेवून घेणार होतं? आणि घरी नणंद. ती रोज टवटवीत चेहऱ्याने म्हणायची, "बरंच झालं की! मग आपण दोघी दिवसभर गप्पा मारू." हे ऐकून मावशीच्या अंगावर काटा यायचा.

त्या शनिवारी दुपारी मोठ्या शहराच्या संघाचा माणूस वही घेऊन पहिल्या रांगेत बसला. उंट टेबलावर डावा पाय टाकून म्हणाला, "मावशी, हात चालव. पाहुणा आलाय."

"बघितला. कोरे करकरीत बूट बघितले त्याचे. घरच्या घरीसुद्धा चालत नसेल तो."

"तुला तेवढंच दिसतं!"

"जाणार तू?"

"घेतलं तर जाणार ना. आणखी चार वर्षांनी कोण विचारणार आहे मला? तूच सांग."

ती पट्टी ओढत राहिली, आणि आज ती जास्तच ओढली जात होती. त्याला उभं करून तिने नख दाबलं. एक, दोन. पांढरंच. तीन, चार, पाच.

"झालं?"

"झालं. जा."

तो गेला, आणि आपण काय केलं हे तिला दारापर्यंत पोचतापोचता कळलं. सुन्न पायावर माणूस कसा पडतो ते तिने प्लास्टरच्या खोलीत वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आधी घोटा मुरगळतो, मग गुडघा फिरतो. कोर्टवर उंट फक्त उजव्या पायावर उडी घेत होता. तिने बेंचपर्यंत जाऊन कोचची बाही ओढली. "त्याला बाहेर घे."

"मावशी, बस गं खाली. माझं डोकं नको खाऊस."

का बाहेर घे, हे सांगायला तिची जीभ उचलेना. पाहुणा वहीत काहीतरी लिहीत होता. 'डावा पाय अधू, नको हा' – ते वाचल्यासारखं तिला कळलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मध्यंतर झालं. तिने कात्री घालून पट्टी फाडली. पाय निळसर, वळ उठलेले.

"मुंग्या येत होत्या," उंट म्हणाला. "मला वाटलं, पाहुण्याला घाबरलोय."

"तू नाही. मी घाबरले होते. नख पांढरं दिसलं मला. तरी जा म्हटलं."

तेवढ्यात दारात मॅनेजर आणि मागे पाहुणा.

"डावा पाय जुना दुखावलेला आहे का?" पाहुण्याने विचारलं.

मॅनेजर पटकन म्हणाला, "आहे जरा नाजूक. आम्ही सांभाळून घेतो." आणि त्याने मावशीकडे रोखून पाहिलं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. क्लब, टेबल, तेवीस वर्षं, सगळं त्या गप्प बसण्यात होतं.

"पायाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "पट्टी मी घट्ट बांधली. कळून बांधली."

पलीकडच्या बाकावर पाणी पिणाऱ्या कप्तानाने वर पाहिलं. मॅनेजर पुढे झाला. "मावशी, काय बोलतेयस कळतंय का?"

"कळतंय. ह्याच हातांनी बांधली."

उंटाने पाय पुढे केला. "बांध. वेळ जातोय." एवढंच. एरवीची थट्टा नाही, नजरेला नजरही नाही. ती बांधत असताना तो तिच्या बोटांवर डोळे लावून होता.

उत्तरार्धात तो डाव्या पायावर उडाला, डाव्या पायावर उतरला. पंधरा मिनिटांत पाहुण्याने वही मिटली आणि मॅनेजरचा हात हातात घेतला. मॅनेजर हसला नाही.

मावशी टेबलाशी परत आली. कप्तान लंगडत आत शिरला, त्याची पट्टी सुटली होती. अकरा वर्षं तो ह्याच टेबलावर पाय पसरून जांभया देत आला होता. त्याने सवयीने पाय वर टाकला, तिच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि पाय हळूच खाली घेतला.

"राहू दे मावशी," तो म्हणाला, "चालेल मला असंच."