भुईगावचा सिक्वोया

पाणी वाडीत शिरून दोन दिवस झाले होते आणि उतरायचं नाव घेत नव्हतं. एरवी ते शेजारच्या मोकळ्या जागेतून खाडीकडे पळायचं. यंदा तिथे भराव पडला होता. रुक्मिणीने सोनचाफ्याची दोनशे कलमं ओटीवर उचलून ठेवली आणि कंबर टेकली.

खिडकीतून तिचे यजमान एकनाथ म्हणाले, "अगं, माझं झाड बुडतंय. मुळं कुजतील. फार तर आजचा दिवस."

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना जेमतेम बारा दिवस झाले होते. झाड म्हणजे सिक्वोया. पुतण्या यतीनने अमेरिकेहून बी पाठवलं होतं. तिकडे म्हणे हे झाड तीन-तीन हजार वर्षं जगतं. एकनाथांनी ते महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून पेरलं. चाळिसांतली तीन उगवली, एक जगलं. इथल्या दमट उकाड्यात दर पावसाळ्यात ते खालून करपायचं आणि एकनाथ तपकिरी डहाळ्या कापून जाळायचे. पाच वर्षांत कसंबसं रुक्मिणीच्या खांद्याला लागलेलं. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडासारखं दिसतं म्हणून ती त्याला 'अमेरिकेचं सुरू' म्हणायची. बाराव्या वर्षापासून फुलं खुडत आलेल्या बाईला, ना फूल ना फळ असलं झाड कशाला हवं?

पण नवऱ्याचा आवाज इतका कापरा तिने कधी ऐकला नव्हता. ती कुदळ घेऊन उतरली.

पाणी मांडीपर्यंत होतं. कुदळ कुठे पडते ते दिसेना.

"खोडापासून हातभर लांब! ओढू नकोस त्याला!"

"ओरडू नका हो! पायाने चाचपतेय मी!"

तेवढ्यात हाताखाली कटकन काहीतरी तुटलं. रुक्मिणीने खिडकीकडे पाहिलं नाही. पाण्यात हात घालून तुटलेलं मूळ वर काढलं, नाकाशी नेलं. कुजका वास. नखाने साल सोलली.

"आतून पांढरं आहे! जिवंत आहे!" ती ओरडली.

शेजारची हिल्डा दगडांच्या गडग्यावरून गोणपाट घेऊन आली. दोघींनी ते मुळांखाली सारलं. "रुक्मिणीबाय, माती धुऊन चालली, उचल!" ओटीवर भोकं पाडलेल्या पिंपात झाड बसलं, तेव्हा मुळांशी निम्मीच माती उरली होती.

मग वाट पाहणं. खत नाही, सावलीला हिरवी जाळी, पाणी बोट खुपसून पाहिल्याशिवाय नाही. गणपतीत शेंडा वाळला. एकनाथ रोज वॉकर टेकत यायचे, शेंडा चाचपून परतायचे. एका सकाळी रुक्मिणीनेच कात्री उचलली आणि विचारलं, "कुठवर मेलंय?" त्यांनी बोट ठेवलं, तिने कापलं. झाड तिच्या कमरेखाली आलं.

दिवाळीच्या आसपास दोन खालच्या फांद्यांवर हिरवे कोंब दिसले. एकनाथांनी त्यातली एक काठीला बांधली, उभी वाढावी म्हणून.

आता रुक्मिणी वाडीच्या उंच कोपऱ्यात झाडासाठी घमेल्याने माती वाहते आहे. उंचवटा गुडघ्याएवढा झालाय. एकनाथ म्हणतात, पुरे. ती म्हणते, अजून हातभर तरी हवा.