राजपत्र सगळ्यांचं

"कळलं, की नुसती मान हलवताय?" चष्मा कपाळावर सरकवून मॅडम विचारायच्या. खरं उत्तर मिळेपर्यंत पुढचं वाक्य नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर खोटं 'हो' म्हणायची सोय नसते.

वाशीतल्या एका सल्लागार कंपनीत त्या कामाला होत्या. सरकारने व्यापाराचे कायदे बदलले, की ते वाचून आम्हा गिऱ्हाइकांना सोप्या मराठीत कळवायचं, हे त्यांचं काम. परभणीकडच्या, वकिली शिकलेल्या. माझा खजुराच्या आयातीचा छोटा धंदा. मला त्या 'भाई' म्हणायच्या आणि धाकट्या भावासारखं झापायच्या.

कंपनीचा एक शिरस्ता होता. मोठी फी भरणाऱ्यांना बदल त्याच दिवशी कळायचा, आमच्यासारख्यांना आठवड्याने.

एकदा रमजानच्या आधी त्यांचा फोन आला. "भाई, माल बोटीत चढला?"

"उद्या चढतोय."

"थांबवा. खोक्यांवरच्या लेबलाचा नियम बदललाय. जुनी लेबलं लावून आणलात तर न्हावा शेवा बंदरात अडकून पडाल."

"पण मॅडम, आम्हाला तर पुढच्या आठवड्यात कळवतात ना?"

"तोवर तुमचा माल समुद्रात असेल. लिहून घ्या."

तसे त्यांनी सगळ्याच छोट्या आयातदारांना फोन केले. रोजे सुरू व्हायच्या आधी माझा खजूर बाजारात पोचला. आभार मानायला त्यांच्या ऑफिसात गेलो, तर केबिनमधून त्यांच्या साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"कंपनीची माहिती तुम्ही फुकट वाटलीत."

"कंपनीची कशी? राजपत्रात छापलीय. राजपत्र सगळ्यांचं असतं."

"माफी मागा, विषय संपवू."

"पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा फोन करीन, साहेब."

मॅडम डबा आणि पर्स घेऊन बाहेर आल्या. "चला भाई, चहा पाजा." खाली टपरीवर त्यांनी सांगितलं, नोकरी सुटली. मुलीच्या कॉलेजचं वर्ष, घराचे हप्ते, सगळंच डोक्यात असणार. "भीती वाटतेय," त्या म्हणाल्या, "पण वाईट नाही वाटत."

एपीएमसी बाजारातल्या माझ्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर दर गुरुवारी सकाळी त्यांची बैठक सुरू झाली. राजपत्रातले नवे नियम त्या वाचून समजावायच्या. कुणीही यावं, ऐकावं; स्वतःचं काम करून घ्यायचं असेल त्यानेच फी द्यावी. कंपनीने त्यांना कोर्टाची धमकी देणारी नोटीस धाडली. ती त्यांनी बैठकीतच मोठ्याने वाचली आणि नोटिशीला उत्तर कसं द्यायचं, हा त्या दिवशीचा पाठ केला. आम्ही पोट धरून हसलो. कंपनीकडून पुन्हा काही आलं नाही.

पुढे त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज पार बसला, तरी त्या यायच्या. आम्ही खुर्च्या जवळ ओढून घ्यायचो. कुणी माईक आणू म्हटलं, तर डोळे वटारायच्या.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. पुढच्या गुरुवारी तेच साहेब जिना चढून आले. चार शब्द दुःखाचे बोलले आणि म्हणाले, "आता तुम्हाला कोण सांगणार? तुमच्यासाठी फीमध्ये सवलत देतो."

कोपरखैरण्याचे म्हातारे कांदेवाले शेठ पहिल्या रांगेत होते. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बसा सायेब. ऐकाला पैसं नाय लागत हितं."

साहेब दारातच उभे राहिले. मी नवं राजपत्र उघडून वाचायला सुरुवात केली.