झोपेची वही

शालनबाई व्याख्यान पाहत नसत. व्याख्यान पाहणाऱ्यांकडे पाहत. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या या बाई नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका गावात, विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या केंद्रावर मदतनीस होत्या. पडद्याकडे पाठ करून बसायच्या. एखादीची मान पडली की मिनिट वहीत लिहायच्या: "अर्थशास्त्र, भाग चार. नववं मिनिट. तिघी पेंगल्या."

गावात फोन लागे, पण इंटरनेट चालत नसे. बाजाराला कर्जतला गेल्या की शालनबाई झेरॉक्सच्या दुकानात बसून आठवड्याची व्याख्याने पेनड्राइव्हवर उतरवून घेत आणि कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी ठेवून आणत. केंद्रात एकवीस विद्यार्थिनी होत्या, बहुतेक लग्न झालेल्या. शालनबाईंची सून मनीषा त्यांतलीच, शेवटच्या वर्षाला.

पेनड्राइव्हवरच्या व्याख्यानांची नोंद विद्यापीठाच्या संगणकावर होत नसे. तिथे या केंद्राच्या नावापुढे शून्य दिसत होते. केंद्र बंद का करू नये, हे तपासायला विद्यापीठाची समिती आली. त्यानंतरचे जवळचे केंद्र थेट नगरला. तिथे मनीषाला कोणी पाठवणार नव्हते. पदवी शेवटच्या वर्षात अडकली असती.

तालुक्याचा बातमीदार म्हणून मी हजर होतो. समितीचे अध्यक्ष स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक; पडद्यावरची त्या विषयाची व्याख्याने त्यांचीच.

"मुलींनी व्याख्याने पाहिली, याला पुरावा काय?" त्यांनी विचारले.

शालनबाईंनी वही पुढे केली. अध्यक्षांनी नेमके स्वतःच्या व्याख्यानाचे पान उघडले. अकरावे मिनिट, सगळ्या झोपल्या.

"या मुलींना शिकायचंच नाही," ते म्हणाले.

"आसंल सायेब. पन जेवल्याबिगर कसं जाताल? आमच्याकडची डाळीची शिपी आमटी ठिवलीय चुलीवर. उकळायला तासभर लागंल. तवर तुमचंच व्याख्यान लावते. तासाचंच हाय."

पाहुण्याला नाही म्हणता येईना. अध्यक्ष खुर्चीत बसले. पडद्यावर तेच अध्यक्ष कागद वाचू लागले. शालनबाई नेहमीप्रमाणे पाठ करून, घड्याळ हातात घेऊन बसल्या. मनीषाने पदर तोंडात कोंबला होता. सातव्या मिनिटाला अध्यक्षांची हनुवटी छातीला टेकली. शालनबाईंनी नोंद केली आणि आमटी होईपर्यंत कोणाला बोलू दिले नाही.

जागे झाल्यावर अध्यक्षांनी आधी चष्मा शोधला.

"लाजू नका सायेब," त्या म्हणाल्या. "पन आमच्या पोरी तुमच्यापरीस चार मिन्टं जास्त टिकल्या, तेवडं कागदावर येऊ द्या."

अध्यक्ष हसले आणि त्यांनी भाकरी चुरून दोनदा आमटी मागून घेतली. अहवालात तीन शिफारशी आल्या: केंद्र सुरू ठेवावे, व्याख्याने उतरवून घेण्याची सोय द्यावी, एक व्याख्यान दहा मिनिटांहून मोठे नसावे. कारणे नमूद नव्हती.

पहिले छोटे व्याख्यान अध्यक्षांनीच केले, या वेळी कागदाशिवाय. आठवड्याने त्यांचा केंद्राच्या फोनवर फोन आला. मी तेव्हा तिथेच चहा घेत होतो. शालनबाईंनी स्पीकर लावला.

"कोणी झोपलं का हो?"

"न्हाई."

"एकही नाही?"

"न्हाई म्हनलं ना! पन आता येगळंच झालंय. आमच्या मनीषाला सवाल पडलाय. पडद्याला दोनदा इचारून झाला, त्यो काय बोलंना. आता तुमी बोला."

त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. तो पाऊण तास तिच्याकडेच होता.