आत काय आहे ते स्पष्ट लिहा

पोस्टातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे एकवीस वर्षं जी बाई बसत होती तिला सगळे पार्सलबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर म्हणायची कुणाची छाती? तिच्या खिडकीसमोर उभं राहिलं की भल्याभल्यांचा आवाज बारीक व्हायचा. दोरी ढिली, पत्ता तिरका, खोक्याचा कोपरा दबलेला, तिला काय खटकेल याचा नेम नाही. आणि खटकलं की हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. ती ओरडली की शेजारच्या खिडकीतला कारकून आपलाच हिशेब पुन्हा तपासायला घ्यायचा.

तिचा सगळा जीव एका फॉर्ममध्ये होता. पार्सलबरोबर भरायचा फॉर्म, आणि त्यातला तो रकाना: आत काय आहे ते स्पष्ट लिहा. लोक आपले लिहायचे, "कपडे." झालं! "कपडे म्हणजे काय? शर्ट का? किती? सुती की लोकरी? बाह्या आहेत की नाहीत? पोस्टाने काय स्वप्नात बघायचं?" एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "मोजे, नग दोन" असं लिहून आणलं, तर तिने त्यांना रांगेतून परत पाठवलं. "नग दोन म्हणजे एकाच पायाचे दोन का? जोड एक असं लिहा!" गृहस्थ बिचारे घाबरून घरी गेले आणि मोजे स्वतःच घालून टाकले म्हणतात.

नवरा लवकर गेला होता. एकुलत्या एका मुलाला तिने एकटीने वाढवलं. प्रेम करून आणि ओरडून वाढवलं, पण शेजाऱ्यांना ऐकू यायचं ते ओरडणंच. मुलगा पुढे सैन्यात भरती झाला तेव्हा लोक म्हणाले, घरापेक्षा तिथली शिस्त बरी म्हणून गेला असेल. पार्सलबाईच्या कानावर हे गेलं. बोलणाऱ्याचं पार्सल त्या महिन्यात तीनदा परत आलं.

मुलगा सैन्यात गेला आणि रिकामं घर तिला खायला उठलं. मग तिने सैनिक माता मंडळ काढलं. दर शनिवारी चार वाजता, प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात. मंडळातल्या मास्तरीणबाई त्याच शाळेत शिकवत, किल्ली त्यांच्याकडे, म्हणून ही जागा. पंधरा-सोळा आया, कुणी लठ्ठ, कुणाचे गुडघे धरलेले, सगळ्या त्या चिमुकल्या बाकांवर कशाबशा अडकून बसायच्या. खुर्ची एकच, ती पार्सलबाईची.

मंडळाचे नियम तिनेच केले होते. फोन चालू असताना रडायचं नाही, ठेवल्यावर हवं तेवढं. बातम्या एकटीने बघायच्या नाहीत. कुणाच्या मुलाचा फोन दोन दिवस आला नाही तर तिच्या घरी आळीपाळीने बसायचं, आणि "नेटवर्क नसेल हो" हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायचं. नियम कडक होते, पण खोटं कशाला बोला, त्यांनी बायका तगल्या.

नियमांत भांडायला बंदी नव्हती, त्यामुळे मंडळात ती हौसही भागायची. एकीने म्हणावं, "आमच्याकडे उणे अठरा हो," की दुसरी लगेच, "आमच्याकडे उणे बावीस, दाढीचं पाणी गोठतं." जणू दाढी यांनाच करायची होती. ज्यांची मुलं गरम प्रदेशात होती त्या बिचाऱ्या मागच्या बाकावर. वर्षातून एकदा कुणी मोठे साहेब येऊन पाऊण तास भाषण करायचे, आयांचे उपकार कसे फिटणार नाहीत ते सांगायचे, आणि फोटोच्या वेळी म्हणायचे, "भगिनींनो, जरा मागे सरका, आम्ही झाकले जातोय."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पार्सलबाईला घात झाल्याचा वास आला.

पहिली गोष्ट म्हणजे मंडळातल्या बायका तिच्या खिडकीवर यायच्या बंद झाल्या. शिवणकाकूंचं बघा. शिवणकाम करणाऱ्या या काकूंचा मुलगा आणि पार्सलबाईचा मुलगा एकाच तुकडीत. दर पंधरा दिवसांनी काकूंचं पार्सल ठरलेलं. ते सहा आठवडे आलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "सध्या नको म्हणतो हो तो." आणि पळाल्याच.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बैठकीत सगळ्या तिच्या हो ला हो करू लागल्या. तिने म्हणावं वार्षिक सभा मंगळवारी, तर "हो बाई." तिने म्हणावं नाही, बुधवारी, तर "तेच बरं बाई." ज्या मास्तरीणबाई तिच्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवायच्या त्यासुद्धा मान डोलवायला लागल्या. एकदा तर त्यांनी स्वतःहून चहात साखर घालून दिली. पार्सलबाईने कप खाली ठेवला आणि मनात म्हणाली, ठरलं तर. वार्षिक सभेत मला खुर्चीवरून उठवायचं आणि या मास्तरीणबाईंना बसवायचं. म्हणून ही साखर!

ती रात्रंदिवस धुमसत राहिली. मुलाचा रविवारी फोन आला तेव्हाही तिने अर्धा वेळ याच कटाचं रडगाणं गायलं. हल्ली तो नुसता आवाजी फोन करायचा. चेहरा दाखव म्हटलं तर म्हणायचा, इथे तेवढं नेटवर्क नाही. "तुझ्या नेटवर्कला लाव आग," ती म्हणायची. "जेवतोस ना वेळेवर? पळायला जातोस ना सकाळी?" तो जरा थांबून म्हणायचा, "जातो ना." मग ती पुन्हा मास्तरीणबाईंवर घसरायची.

शेवटी एका शनिवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकरा वर्षांतली पहिली. साहेबांनी घाबरून विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "फितुरी शोधायला जातेय," आणि बस पकडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या पोस्टात गेली. तिच्या नजरेपासून सगळ्यात लांबचं पोस्ट तेच, चोरून पार्सलं जात असतील तर तिथूनच. तिथे खांबाआड एक बाक होता. त्यावर ती वर्तमानपत्र उघडून बसली.

तासाभराने शिवणकाकू आल्याच! हातात खोकं, दोरी अगदी घट्ट, गाठी चारही बाजूंना सारख्या. पार्सलबाईला संताप आला आणि त्याच दमात गाठी बघून बरंही वाटलं. शेवटी शिकवलं कुणी? काकूंनी खोकं दिलं, पावती घेतली, पदराने डोळे पुसले आणि गेल्या.

पार्सलबाई तरातरा खिडकीशी गेली. तिथला चष्मेवाला कारकून तिला ओळखून होता, तिच्याच हाताखाली शिकलेला. "ते पार्सल दाखव."

"बाई, नियमात बसत नाही. तुम्हीच सांगायचात."

"दाखव म्हणते ना!"

त्याने फॉर्म पुढे सरकवला. तिने आधी रकाना वाचला. सवयच ती.

पायजमे, सुती, निळे, नग दोन. डावा पाय गुडघ्याखाली कापून टोक शिवून बंद केले आहे.
मोजा, लोकरी, उजव्या पायाचा, नग एक. जोड नाही.
मध, बाटली एक, झाकण मेणाने बंद.

तिच्या मनात पहिला विचार काय यावा? की फॉर्म बिनचूक भरलाय. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मग अर्थ डोक्यात शिरला. अरे देवा, शिवणकाकूंचा मुलगा! एवढं आभाळ कोसळलं आणि काकू गप्प राहिल्या? आणि मी इथे खांबाआड बसून त्यांना फितूर ठरवते? तिला स्वतःची आजवर कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. आत्ताच्या आत्ता जाऊन काकूंच्या पाया पडायचं, त्यांना पोटाशी धरायचं, असं म्हणत तिने फॉर्म परत करायला उचलला आणि वरच्या ओळीवर तिची नजर गेली.

पत्ता सैनिकी रुग्णालयाचा होता. नाव तिच्या मुलाचं होतं.

"बाई, पाणी देऊ?" चष्मेवाला विचारत होता. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. तिलाही नाही.

बसमध्ये ती उभीच राहिली. जागा होती, तरी बसली नाही. पळायला जातोस ना सकाळी, असं आपण दर रविवारी विचारत होतो, एवढंच तिला आठवत होतं.

वर्गात ती शिरली तेव्हा सव्वाचार झाले होते. तिला उशीर झालेला कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे सगळ्या आधीच घाबरल्या होत्या. ती खुर्चीकडे गेली नाही. पहिल्या बाकावर, शिवणकाकूंच्या शेजारी, अंग चोरून बसली.

"टोकाची शिवण आतून घेतलीत की बाहेरून?" तिने विचारलं.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "बाहेरून," त्या कशाबशा म्हणाल्या. "आतून टोचली असती हो त्याला." आणि ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंच्या मुलाने काकूंना सांगितलं, काकूंनी मंडळाला. पार्सलबाईच्या पोराने सगळ्यांना शपथ घातली होती की आईला मी सांगेन, उभा राहिलो की सांगेन, तोवर कुणी बोलायचं नाही. सैन्याने कळवलं होतं ते मामाला, कारण सैन्याच्या फॉर्मवर घरचं माणूस म्हणून त्याने मामाचं नाव दिलं होतं. म्हणजे तिचा सख्खा भाऊ! तोही गुळणी धरून बसला. आणि या बायका? मास्तरीणबाईंनी चक्क वेळापत्रक आखलं होतं. सोमवारी एकीने त्याला फोन करायचा, मंगळवारी दुसरीने, मध कुणी पाठवायचा, मोजा कुणी विणायचा. ज्या मंडळात एकीच्या सुनेचं भांडण संध्याकाळपर्यंत चौदा घरी पोचायचं त्या मंडळाने सहा आठवडे चकार शब्द बाहेर पडू दिला नव्हता. तिच्याशिवाय मंडळ इतकं चोख चालतं हे कळूनही तिला राग आला नाही. राग यायला जागाच उरली नव्हती.

"सगळ्यांना सांगितलंन," ती म्हणाली. "चौदा जणींना. आणि मला नाही. मी काय केलं होतं त्याचं?"

उत्तर प्रत्येकीला माहीत होतं. शेवटी मास्तरीणबाईंनी स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. "त्यालाच विचारा."

"हॅलो, मास्तरीणकाकू?" तिकडून आवाज आला. "आज शनिवार ना? आज तुमचा वार नाही."

"मी आहे," पार्सलबाई म्हणाली.

मग तो म्हणाला, "कळलं तुला."

"का नाही सांगितलंस मला?"

"तू ओरडशील म्हणून."

"म्हणजे?"

"चूक माझीच होती आई. रस्ता सोडून खाली उतरू नका, सुरुंग आहेत, म्हणून दहा वेळा सांगितलं होतं आम्हाला. मी उतरलो. बाकी कुणी उतरलं नाही, मीच. म्हटलं, तुला कळलं तर तू आधी हेच विचारशील."

तिने तोंड उघडलं. पोस्ट दणाणून सोडणारा तो आवाज, पण आज आतून काही निघेचना. बायका तिच्याकडे बघत राहिल्या. काकूंनी तिचा हात धरला.

"आई?" तो म्हणाला. "आहेस ना? बोल ना काहीतरी." आणि मग एकदम, शाळेतून गुडघे फोडून आलेल्या पोराच्या आवाजात, "अगं ओरड ना गं आई. ओरड ना काहीतरी."

"गाढवा!" ती ओरडली. अशी ओरडली की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शाळेचा शिपाई धावत येऊन दारात उभा राहिला. "उतरू नका सांगितलं तर उतरायचं नसतं! कितीदा सांगितलं तुला लहानपणापासून! आणि पाय गेला तर गेला, तोंड गेलं होतं का तुझं? सहा आठवडे! सहा आठवडे मी तुला पळायला जातोस का विचारते, आणि तू जातो म्हणतोस? लाज नाही वाटली? उद्याच्या गाडीने येतेय मी! येऊन बघते तुझ्याकडे!" डोळ्यांतून धारा वाहत होत्या, फोन चालू असताना न रडायचा नियम तिने तिथेच मोडला, आणि तिकडून तो रडत रडत "हो आई, हो आई" म्हणत होता. ती थांबेना आणि तो फोन ठेवेना. शिवणकाकू हळूच उठल्या, शिपायाला बाहेर जायची खूण केली आणि वर्गाचं दार लावून घेतलं.