तोलून पाहिलेला घसारा

ज्याच्या घरातल्या बल्बवर तारीख लिहिलेली असते, अशा माणसावर विश्वास ठेवावा की नजर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचे शेजारी विश्वंभरराव तसे आहेत. बल्ब लावायच्या आधी त्याच्या बुडख्यावर बारीक अक्षरात तारीख. बादलीच्या बुडाला तारीख, छत्रीच्या दांड्यावर तारीख. नव्या चपला आणल्या की त्या उलट्या करून टाचेवर तारीख, मग पायात. एकदा दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्यावरून मी विचारलं, "भाऊ, हे कशासाठी?"

"वस्तू किती टिकली ते कळायला नको?"

आतून सुचित्रावहिनी म्हणाल्या, "नशीब माझं, माझ्यावर नाही लिहिली."

त्यावर हा माणूस अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुझी लग्नपत्रिकेवर छापलीय ना."

रोह्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात ते हिशेबखात्यात होते. उभी नोकरी तिथे काढली आणि निवृत्त होऊन बोर्ली पंचतनच्या अलीकडे, आमच्या गावातल्या वडिलांच्या वाडीत येऊन राहिले. वाडीत सुपारीच्या पोफळी, चार माड, एक विहीर. आल्याबरोबर त्यांनी विहिरीच्या पंपावर तारीख घातली. कोणाशी वाकडं नाही, पण कोणाच्या पानाच्या तबकातही हात नाही. असा माणूस गावात राहिला की लोकांना बोलायला विषय मिळतो, आणि मी तर शेजारीच. माझं ते कर्तव्यच.

आमच्याकडे व्यापारी असोली सुपारी, म्हणजे सालासकट, पडत्या भावाने उचलतो आणि सोलून चढत्या भावाने विकतो. म्हणून गावातल्या वाडीवाल्यांनी मिळून एक शेतकरी उत्पादक कंपनी काढली. रावजीच्या मोकळ्या जागेत शेड बांधली, बँकेच्या कर्जावर सुपारी सोलायचं यंत्र आणलं. ताळेबंद वाचता येणारा माणूस गावात एकच, म्हणून हिशेब विश्वंभररावांकडे गेला. पगार नाही, भत्ता नाही. आता फुकट काम करणाऱ्याकडे गाव कसं बघतं ते काय सांगायला हवं? पगार घेणारा निदान किती घेतो ते कळतं.

दोन वर्षं सुरळीत गेली; पहिला अहवाल कोणी उघडूनही पाहिला नाही. मग मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल घरोघर आला. मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. सोबत अंबाजी होता, शेडची चावी ज्याच्याकडे असते तो. आवडाबाई होत्या. त्यांच्या पोफळी गावात सगळ्यात जास्त आणि जीभही. विक्री चांगली होती. मजुरी, वीज, पोती, सगळं समजलं. आणि मग खाली: घसारा, एक लाख. त्याच्या खाली: भाडेपट्टा हक्काचे परिशोधन, वीस हजार. आणि त्याच्या खाली नफा इतका बारीक की लाभांश नाही.

"घसारा कोनाला दिला?" आवडाबाईंनी विचारलं.

"कोणाचं नाव नाही लिहिलेलं," मी म्हणालो.

"नाव न्हाय, पावती न्हाय, आन लाख रुपये?"

 मी फक्त शेजारच्या घराच्या नव्या लोखंडी गेटकडे बघितलं. अंबाजीनेही बघितलं. आवडाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मग बघितलं. गेट त्याच महिन्यात बसलं होतं. मुंबईहून सईनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, पैसे पाठवले असं वहिनी सांगत. सांगायला काय जातं.

गोष्ट संध्याकाळपर्यंत खालच्या आळीत पोचली. येत्या रविवारी वार्षिक सभा होती. हिशेब मंजूर झाला नाही तर विश्वंभररावांना काढायचं, हे सगळ्यांनी आपापल्या ओट्यावर ठरवून टाकलं. काढायचं म्हणजे खुर्ची काढायची एवढंच नव्हे. आमच्यासारख्या गावात 'कंपनीचा लाख खाल्लेला' हे नाव एकदा चिकटलं की ते माणसाच्या तेराव्यालाही पंगतीत बसतं. बुधवारी नाक्यावर त्यांना कोणी 'या, चहा घ्या' म्हटलं नाही. शुक्रवारी वहिनी गडग्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "परेशभाऊ, हे नीट जेवत नाहीत. तुम्ही लोकांना काही सांगाल का?"

"वहिनी, मी काय सांगणार? त्यांनीच सांगावं, लाख कुठे गेले ते."

"ते म्हणतात, कुठेच गेले नाहीत."

आता तुम्हीच सांगा. गेलेले पैसे कुठेच गेले नाहीत म्हणणारा माणूस. संशय वाढणार नाही तर काय होईल?

अंबाजीने कुठल्याशा कारखान्यात असलेल्या आपल्या पुतण्याला फोन करून घसाऱ्याचा अर्थ विचारून घेतला होता. "यंत्र झिजतं, त्याचा तो पैसा," तो म्हणाला.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "किती झिजलं ते बघू."

बाहेरच्या माणसाला हे खुळ्यासारखं वाटेल, पण आमच्या हाडातच ते आहे. ओली सुपारी वाळली की वजनात तूट येते. ती तूट आम्ही काट्यावर बघतो आणि व्यापाऱ्याशी त्यावरूनच भांडतो. काट्यावर दिसत नाही ती तूट आम्ही मानत नाही. शनिवारी दुपारी अंबाजीने शेड उघडली. रावजी आला, कारण जागा त्याची. यंत्राचे नटबोल्ट काढले, बांबू घातले आणि सहा जणांनी ते उचलून पोत्यांच्या काट्यावर ठेवलं. आवडाबाई चष्मा सावरून आकड्याकडे बघत होत्या. यंत्रासोबत आलेल्या कागदावर, म्हणजे चलनावर, वजन छापलेलं होतं. ते मी वाचलं.

काट्यावर वजन चलनापेक्षा दोन किलो जास्त भरलं.

काटा दोनदा हलवून पाहिला. शेवटी अंबाजी म्हणाला, "सालांचा भुसा अडकला आसंल आत."

"भुसा आसो नायतर काय आसो," आवडाबाई म्हणाल्या. "कमी तर न्हाय ना झाला? मंग घसारा खोटा."

रावजीने तेवढ्यात दोरी आणली. 'भाडेपट्टा हक्काचे परिशोधन' म्हणजे जागा कमी झाली असणार, असं त्याचं गणित. चारी बाजू मोजल्या. जागा होती तेवढीच होती. उलट ज्या बाजूला माझी वाडी लागते तिथे वीतभर जास्त भरली. त्याबद्दल मी नंतर बघणार आहे.

यंत्र जागेवर ठेवताना एक कोपरा आधी टेकला आणि आतून कडक् असा आवाज आला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीच काही ऐकलं नाही.

रविवारी शाळेत सभा भरली. विश्वंभरराव इस्त्रीचा शर्ट घालून, अहवाल छातीशी धरून बसले होते. वहिनी बायकांच्या रांगेत टोकाला, शेजारची खुर्ची रिकामी. अध्यक्षांनी हिशेब वाचायला सांगितलं. घसाऱ्यापाशी आल्याबरोबर आवडाबाई उभ्या राहिल्या.

"ह्ये लाख कोनाला दिलं?"

"कोणालाच नाही," विश्वंभरराव म्हणाले. "घसारा हा रोख खर्च नसतो. तो नफ्यातून वजा होतो, पण पैसा बाहेर जात नाही."

"बाहेर न्हाय गेला तर आत हाय. आत कुठं हाय ते दाखवा."

"तसा तो वेगळा ठेवलेला नसतो."

सभेत अशी कुजबुज झाली की मलाही त्यांची थोडी दया आली. हा माणूस आयुष्यभर आकड्यांशी खरं बोलला, पण माणसांशी खरं कसं बोलायचं ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दया आली तरी मी उठलोच. म्हणालो, "भाऊ, काल आम्ही यंत्र तोललं. चलनापेक्षा दोन किलो जास्त भरलं. झिजलं कुठे?"

विश्वंभररावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोललंत?"

"तोललं."

"यंत्र?"

"पोत्यांच्या काट्यावर."

 मला वाटलं, सापडला. मग त्यांनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला, तो पहिल्यांदाच.

"बरं. वजन पुरतं भरलं म्हणता. म्हणजे वस्तू जशीच्या तशी आहे. मग विकू या. सहा लाखांना घेतलं होतं, सहा लाखांना विकू. परेश, जुनी यंत्रं घेणाऱ्या माणगावच्या यंत्रवाल्याला फोन लाव. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

मी लावला. न लावून जातो कुठे. यंत्रवाल्याने मॉडेल विचारलं, मग म्हणाला, "किती वर्षं चालवलंय?"

"दोन."

"साडेतीन देईन. तेही येऊन बघून."

"लाख?"

"मग काय, कोटी?"

सभा हसली. एक माणूस सोडून. विश्वंभररावांचा चेहरा उतरला होता. "साडेतीन?" त्यांनी मलाच विचारलं. "मी सहा वर्षांचं आयुष्य धरलं. वर्षाला एक लाख. दोन वर्षांत दोन गेले, माझ्या हिशेबात ते अजून चार लाखांचं आहे. म्हणजे मी घसारा कमीच धरला की काय?"

"म्हणजे अजून जास्त कापायला हवे होते?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तसं बघावं लागेल," ते म्हणाले. खुर्ची जायची वेळ आलेला माणूस स्वतःच्याच आकड्यात चूक शोधत होता. तिथे माझा संशय थोडा लंगडला. पैसे खाणारा असा चेहरा करत नाही. किंवा फार पोचलेला असेल तर करतो.

आवडाबाई उभ्याच होत्या. सावकाश म्हणाल्या, "पोफळ लावली का वर्सागनिक तिची किंमत वाढती. ह्ये यंत्र लावल्यापास्नं उतरतंच हाय."

"बरोबर. सहा लाख आपण तेव्हाच दिले. पण सुपारी ते सहा वर्षं सोलणार. म्हणून तो खर्च सहा वर्षांवर वाटून लिहायचा."

"तवाच का न्हाय लिव्हला सगला?"

"तेव्हा लिहिला असता तर पहिल्या वर्षी कंपनी बुडाली असं दिसलं असतं, आणि पुढची पाच वर्षं आपण फुकटच सोलतोय असं."

"मग या वर्षीचा लाख गेला कुठे?" अंबाजीने मूळ खुंटा सोडला नाही.

"यंत्रासाठी बँकेचं कर्ज काढलं ना? त्याचं व्याज खर्चात दिसतं. मुद्दल फेडलेलं दिसत नाही, कारण तो खर्च नव्हे. घसारा वजा केला म्हणून लाख तुमच्यात वाटले गेले नाहीत, कंपनीतच राहिले, आणि मुद्दलाचा हप्ता त्यातून गेला. वाटले असते तर हप्त्याला परत तुमच्याच दारात आलो असतो."

हे अंबाजीला कळलं. कर्जाचा हप्ता सगळ्यांना कळतो. पण रावजी दोरी घेऊनच आला होता.

"आनि ते परिशोधन? जागा तर काल मोजली. इंच कमी न्हाय."

"जागा तुझी, ती कशाला कमी होईल? आम्ही दहा वर्षं वापरायचा हक्क तुझ्याकडून घेतला. दोन लाख तुला एकदम दिले. दहा वर्षांनी काय होईल?"

"काय होईल म्हंजे? मी परत घेनार. नवा करार, नवे पैसे."

बोलून झाल्यावर रावजीला कळलं आपण काय बोललो ते. सभेने त्याच्याकडे एकदम पाहिलं, आणि या वेळी संशय दुसऱ्या दिशेने गेला. "तू जागा मोजलीस," विश्वंभरराव म्हणाले, "आता वर्षं मोज. दरवर्षी एक कमी होतं, तेच वीस हजार. यंत्राचा घसारा आणि तुझ्या हक्काचं परिशोधन, झीज एकच. यंत्र डोळ्यांना दिसतं, हक्क दिसत नाही, एवढंच."

हात वर झाले. आधी अंबाजीचा, मग बायकांचे. आवडाबाई सुचित्रावहिनींच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि तिथून हात वर केला. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला. खांदा दुखत होता, यंत्र उचलल्यामुळे. हिशेब मंजूर झाला. विश्वंभरराव राहिले. संध्याकाळी नाक्यावर त्यांना दोन जणांचा चहा प्यावा लागला.

या वर्षीचा अहवाल आला आणि परवा सभाही झाली. यंत्राचं आयुष्य त्यांनी एका वर्षाने कमी केलंय, घसारा वाढलाय, आणि कोणी हूं का चूं केलं नाही. पण त्याच्या खाली एक नवी ओळ होती: यंत्रदुरुस्ती, दातेरी चाक व चौकट. सभेत ती ओळ त्यांनी जरा जास्तच मोठ्याने वाचली आणि थांबले.

"हा घसारा का?" मी साळसूदपणे विचारलं.

"नाही. घसारा वापरल्याने होतो. हे तोलल्याने झालं."

कडक् आवाज त्या दिवशी शेडमध्ये कोणीच ऐकला नव्हता. त्यांना कोणी सांगितलं, हे मी अजून शोधतोय. माझा संशय अंबाजीवर आहे. अर्थात गेटवरचाही पूर्ण गेलेला नाही. काल शेडमध्ये सहज डोकावलो. यंत्राच्या अंगावर पांढऱ्या रंगात खरेदीची तारीख होती, तिच्याखाली नव्या चाकाची, आणि सगळ्यात खाली, बल्बवर लिहितात तशा बारीक अक्षरात: तोलू नये.