नरोत्तमबापूंचा होकार

फटफटी चालवायला शिकवण्याआधी नरोत्तमबापू माणसाला फटफटीवरून पडायला शिकवत. माझीही सुरुवात तशीच झाली. नांगरलेल्या वावरात त्यांनी गाडी उभी केली, मला वर बसवलं आणि मी सदरा सारखा करतोय तोवर काठीच्या एका ढोसण्यात गाडीसकट आडवं केलं. मी ढेकळांत पालथा. बापू वर उभे, पांढरा फेटा, काळा कोट, चेहऱ्यावर पाहुण्याला चहा दिल्याचं समाधान.

"आधी पडाले शिक, डाक्टर," ते म्हणाले. "चालाडता ते सगळासले येस."

दुसऱ्या दिवशीही पडलो. तिसऱ्या दिवशी पडताना पाय गाडीखाली गेला नाही, तेव्हा कुठे त्यांनी किल्ली कोटाच्या खिशातून बाहेर काढली.

मी गुरांचा डॉक्टर. साताऱ्याकडचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी माझी नेमणूक शहाद्याला झाली. तापीकाठची ती काळीभोर जमीन, कापूस आणि केळी, आणि त्या जमिनीला शोभतील असे बैल पाहून मी खूश झालो होतो. पण बुळकांडीची साथ सातपुड्यातून खाली उतरली की दोनचार दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे करायची. निरोप यायचा, मी बैलगाडीत लस घेऊन निघायचो आणि पोचायचो तेव्हा लोक खड्डे खणत असायचे. हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा एका बाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा कुदळ उचलली. त्याच दिवशी मी ठरवलं, फटफटी घ्यायची.

ठरवणं सोपं होतं. अडचण अशी की तापीकाठच्या गावांनी फटफटीला वेशीतून आत यायला बंदी केलेली होती. आणि ती बंदी घालायला लावणारे होते खुद्द नरोत्तमबापू, ज्यांनी या भागात पहिली फटफटी आणली!

बापू गुजर पाटील. जमीन भरपूर, हौस त्याहून जास्त, आणि दोन्हींबद्दल बोलायला त्यांना संकोच मुळीच नव्हता. "नंदुरबारपासून सुरतपावत इचारी ले, पहिली फटफटी कोनी आनी? नरोत्तम पाटीलनी!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मीच ते त्यांच्याआधी पुरं करत असे. त्यांना राग येत नसे. उलट शेजारच्याला म्हणत, "दख, डाक्टरलेबी ठाऊक शे."

अपघाताची गोष्टही ते याच थाटात सांगत. गाडी नवी, भोंगा नवा. गावाबाहेर पुढे दामूचं कापसाचं गाडं चाललेलं. बापूंना भोंगा वाजवायची हौस आवरली नाही. बैल उधळले, गाडं नाल्यात गेलं, एक बैल जागीच मेला. बापूंचा उजवा पाय मोडला, तो पुढे कधी वाकलाच नाही. "बैल मन्हामुये मरना," ते सांगत, "मन्हा पाय ते फुकट मोडना." खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या गोठ्यातली उत्तम खिल्लारी जोडी दामूकडे पाठवली आणि गावोगावच्या पाटलांना बोलावून शब्द दिला की मी स्वतः पारखून घेतल्याशिवाय या भागात कुणाचीही फटफटी फिरणार नाही.

तेव्हा धुळ्याच्या पोलिसांनी दिलेला परवाना माझ्या खिशात असला तरी त्याचा उपयोग धुळ्यापुरताच होता. मला हवा होता बापूंचा होकार.

तालीम वेशीबाहेर, त्यांच्याच जुन्या गाडीवर चाले. बापू लंगडत बांधावर उभे राहत आणि तिथून ओरडत. गाडी पळवायला त्यांनी मला शिकवलंच नाही. हळू चालवायला शिकवलं. पाणी घेऊन चाललेल्या बायकांच्या मागून, त्यांना न कळता, पाय जमिनीला न लावता जायचं. मेंढ्यांचा कळप आला की त्यांच्या मर्जीने थांबायचं. "हाऊ रस्ता बैलसना शे, डाक्टर. आपन आठे पाव्हना," असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो ते रोज म्हणून घेत: "गाडं दखायनं का इंजन बंद. खाले उतर, ढकलत ले."

मी तो नियम महिनाभर इमानाने पाळला. शहाद्याच्या बाजारच्या दिवशी तर मी फटफटी चालवली कमी आणि ढकलली जास्त. बाजारकरी हसत. एका मारवाडी दुकानदाराने मला अगदी कळवळून विचारलं, "डाक्टरसाहेब, बिघडली काय?"

शेवटची परीक्षा त्यांनी प्रकाशाच्या घाटावर घेतली. तिथे तापीच्या उंच दरडीतून एक अरुंद उतार कापलेला होता. गाडी घेऊन वरून खाली नदीपर्यंत यायचं, नावेत चढवायची, एवढंच. बापू खाली वाळूत काठीवर रेलून उभे. माझ्या हाताला गाडीची सवय झाली होती. मी निम्मा उतार उतरलो आणि वळणावर समोरून गाडं आलं. कापसाने भरलेलं, चढावर, बैल मान खाली घालून ओढतायत.

खालून बापूंची आरोळी आली, "बंद कर! उतर!"

मी बैलांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. असा चढ ओढणाऱ्या बैलाला जगाची पर्वा नसते, त्याला फक्त पुढचं पाऊल दिसतं. घाबरला होता तो गाडीवान. फटफटी पाहून त्याने कासरा गच्च ओढून धरला होता आणि त्यामुळे बैल थबकायला लागले होते. भरलं गाडं त्या चढावर थबकलं असतं तर मागे घरंगळत थेट नदीत गेलं असतं. आणि मी इंजिन बंद करून उतरलो असतो तर ती जड गाडी उतारावर मला घेऊन बैलांच्या पायांतच गेली असती.

मी दरडीला चिकटलो, इंजिन अगदी मंद गुरगुरत ठेवलं, आणि माझ्या साताऱ्याच्या अहिराणीत ओरडलो, "दादा, कासरा ढिल्ला सोड! बैलसले जाऊ दे!"

त्याने सोडला. बैलांनी मान आणखी खाली घातली आणि गाडं माझ्या गुडघ्याला घासून वर निघून गेलं. जाता जाता तो गाडीवान वळून म्हणाला, "तुमनी फटफटी ते मन्हा बैलसपेक्षा गरीब शे, डाक्टर!"

खाली पोचलो तेव्हा बापूंचा चेहरा लाल झाला होता. "मी काय सांगं व्हतं तुले? इंजन काबर बंद नही कयं?"

मी सगळं सांगितलं. बैल, कासरा, उतार. बापूंना मधे बोलू न देता एवढं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. ऐकून झाल्यावर ते काठीने वाळूत रेघा ओढत राहिले.

"मंग मन्हा नियम चुकीना व्हता का?"

"नियम सपाटीचा होता, बापू. हा चढ होता."

त्यांनी वर दरडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, गेली फटफटी. पण बापू एकदम मोठ्याने हसले, नावेतली माणसंसुद्धा वळून पाहायला लागली. "आते तू मन्हा चेला नही ऱ्हायना," ते म्हणाले. "चाल, गाडी लेवाले जाऊत."

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात पारशी इंजिनीयर होता, तो कायमचा सुरतेला निघाला होता आणि त्याची फटफटी विकायची होती. बापू आपल्या छकड्यातून आले, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी ती गाडी बैल पारखावा तशी पारखली. भोवती फिरले, वाकता येईना म्हणून काठीने चाकं ठोकली, मला चार फेऱ्या मारायला लावल्या. सौदा झाला. मग त्यांनी पाना मागवला आणि हँडलवरचा रबरी भोंगा काढून इंजिनीयरच्या हातात ठेवला. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं मालक ठेवून घेतो, ही रीत आहे. इंजिनीयर बिचारा गोंधळला. "अरे बापू, हॉर्न वगर केम चालशे?"

"आमना डाक्टरना गळा मोठा शे," बापूंनी उत्तर दिलं.

कायद्यासाठी मी नंतर सायकलीची घंटी बसवून घेतली.

आता बापू छकड्यातून परत जातील असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी गाडीवानाला सांगितलं, "तू जाय घर," आणि माझ्या खांद्यावर हात टाकून ते मागे चढले. न वाकणारा पाय बाजूला काठीसारखा ताठ. मग फेटा सोडला, त्याचे दोन वेढे आम्हा दोघांभोवती घेतले आणि माझ्या पोटावर गाठ मारली. अपघातानंतर या माणसाने चालत्या फटफटीवर पाय टाकला नव्हता. त्यांची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती, ती मला सदऱ्यातून कळत होती.

"हळू घेऊ का, बापू?"

"मी का बैल शे बुजाले? चालाड!"

आज बापू नाहीत. मला त्यांची आठवण येते ती अशी पाठीवर येते. नाव उतरून आम्ही पलीकडच्या काठाला लागलो, ऊन कलायला आलं होतं, आणि कपाशीच्या वावरांमधून जाताना ती धडधड हळूहळू शांत झाली. जरा वेळाने त्यांचं डोकं माझ्या खांद्यामागे टेकलं. बापू झोपले होते.

गावाच्या वेशीत गाडं आडवं लावलेलं होतं. आवाज लांबूनच पोचला असणार. दहाबारा माणसं उभी, हातांत काठ्या, आणि सगळ्यांच्या पुढे दामू, ज्याचा बैल गेला होता तो. मी गाडी थांबवली. बापूंना उठवायचं माझ्या जिवावर आलं.

दामू जवळ आला. त्याने फेट्याची गाठ पाहिली. वाकून बापूंच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग वळला, जूला खांदा लावला आणि आडवं गाडं एकट्याने बाजूला सारलं.

"हळू लई जाय, डाक्टर," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बापू उठी जाई."